तारापूर मुक्कामाची पत्रे

सन १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या कोटास मराठ्यांचा वेढा पडलेला असता बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडला, आणि किल्ला सर झाल्याच्या आनंदाच्या वर्तमानाबरोबर हे दुसरे वर्तमानही घाट चढून देशावर गेले. बाजी भिवराव पेशव्यांच्या घरोब्यातला होता. त्याच्यावर बाजीराव व चिमाजी आप्पा या उभय बंधूंचा जो लोभ होता तो धन्याने चाकरावर करावा तसा नसून सोबत्याने सोबत्यावर करावा तसा होता. त्याची आई हयात होती. तिच्या सांत्वनासाठी पेशव्यांच्या घरून जे पत्र गेले ते मराठी इतिहासाच्या साधनांत छापलेले आहे, आणि ज्याने ते एकवार वाचले त्याच्या मनातून ते सहसा जात नाही. पत्र लांब नाही. मुलगा तारापूरच्या मुक्कामी कैलासवासी झाला, ईश्वराने हे योग्य केले नाही, तुमच्या शोकाला पार नसेल, आमचाही भाऊच गेला, आमची बाजूच गेली, आता तुमच्या समाधानासाठी लिहावे तरी काय, असे म्हणत म्हणत, लिहिण्यासारखे काही उरले नाही अशी कबुली देणारी ती लेखणी अखेर त्या माउलीस विनवते की गेलेला मुलगा तो मीच, असे चित्तात आणून धीर धरावा.

हे पत्र मी प्रथम वाचले तेव्हा मी इतिहासाच्या नव्हे, कादंबऱ्यांच्या नादात होतो; आणि इंग्रजीतल्या मोठमोठ्या कादंबरीकारांनी पात्राच्या हातून पत्र लिहवून त्याचे अंतरंग उघडे करण्याची जी युक्ती साधलेली आहे, तिचे मला अतोनात कौतुक वाटत असे. त्या कौतुकात या पत्राने मोठी अडचण उत्पन्न केली. येथे कोणी कादंबरीकार नव्हता, कोणी पात्र योजले नव्हते, वाचकाच्या मनावर अमुक एक ठसा उमटावा असा कोणाचा हेतू नव्हता, आणि तरीसुद्धा पंधरावीस ओळींत एक संपूर्ण माणूस समोर उभा राहिला होता. तो कशाने उभा राहिला, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा माझी वाट कादंबरीकडून दफ्तराकडे आणि दफ्तरातून तारापूरच्या खाडीकडे वळली.

जुने मराठी पत्र हा अत्यंत बंदिस्त प्रकार होता. कोणी कोणास कसे लिहावे याचे शास्त्र ठरलेले असे, आणि त्या शास्त्राची 'मेस्तके' हेमाद्री पंडिताच्या नावावर मोडत. वडिलांस तीर्थरूप, धाकट्यास चिरंजीव, बरोबरीच्या मातब्बरास अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य, सौभाग्यवतीस वज्रचुडेमंडित, विधवेस गंगाभागीरथी. मग विनंती, मग येथील क्षेम जाणून स्वकीय लिहीत जाण्याची प्रार्थना, मग उपरी म्हणून मजकूर, आणि शेवटी बहुत काय लिहिणे म्हणून आवरते घेणे. कारकून बोरूने आधी कागदभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिला मोडीची अक्षरे हात न उचलता लोंबती लावीत जाई; शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हांचा पत्ता नाही; तारीख चांद्रमासाची, तिच्याआधी 'छ' हे अक्षर, आणि सन अरबी आकड्यांत बोलायचा. तारापूरच्या वेढ्याचे साल त्या बोलीत तिसा सलासीन मया व अलफ. मोर्तब झाले की कागद खलित्यात, खलिता जासुदाच्या हाती. मुख्य पत्रात जे लिहिणे प्रशस्त नसे ते पुरवणीत लिहीत, आणि दफ्तरे चाळण्याची सवय असलेला माणूस आधी पुरवणीच शोधतो, कारण खरी निकड, खरा राग, पैशाची खरी ओढ तेथे सापडते.

आमच्या लहानपणापर्यंत या शास्त्राचे अवशेष पोस्टकार्डावर टिकून होते. कार्डाच्या माथ्यावर 'श्री' नसला की घरातली मोठी माणसे मजकूर वाचण्यापूर्वीच दचकत, ते कार्ड उंबऱ्याबाहेर वाचले जाई आणि वाचून झाले की फाडून टाकले जाई. लिहिणाऱ्याने अजून एक शब्दही सांगितलेला नसता एका अक्षराच्या अभावाने सारे सांगून व्हावे, हे सामर्थ्य मायन्याचे आहे. मायन्याची थट्टा करणाऱ्या नव्या मंडळींना मी नेहमी हेच सांगत आलो आहे की साचा जितका घट्ट तितके त्यातून निसटलेले अक्षर स्पष्ट दिसते. ज्या काळी कोणीही कोणास वाटेल तसे लिहू शकतो, त्या काळी कोणाच्या लिहिण्याने कोणी दचकत नाही. बाजी भिवरावाच्या आईस सांत्वनाचे पत्र पाठवणे हा रिवाज होता. विवेक करावा, ईश्वरेच्छा बलवत्तर आहे, असे लिहिणे हाही रिवाज होता. परंतु ईश्वराचे चुकले असे म्हणणे आणि पेशव्याच्या घरातल्या माणसाने सरदाराच्या आईपुढे मुलगा म्हणून उभे राहणे, ही कलमे कोणत्याही मेस्तकात नाहीत. रिवाज हाताशी असून लिहिणारा जेथे त्याच्या बाहेर पडतो, तेथे मला माणूस सापडतो.

येथे एक शंका कोणीही सुज्ञ वाचक काढील, आणि ती मी टाळणार नाही. ही पत्रे बहुधा चिटणीस आणि कारकून यांच्या हातची असत. धनी बोलत असे आणि कारकून लिहीत असे, किंवा धनी आशय सांगे आणि शब्द कारकून घाली. मग ज्याचा स्वभाव आपण वाचतो तो कोणाचा? दिलेल्या आशयाला कारकून घोटीव रूप देतो, उपमा नेमक्या जागी बसवतो, विशेषणांची रांग लावतो. त्याच्या शब्दांत चूक नसते आणि धापही नसते. उलट बोलणाऱ्याचे वाक्य तुटते, परत सुरू होते, 'उपाय काय' असे मध्येच विचारते, मागे सांगितलेले पुन्हा सांगते. सांत्वनाच्या त्या पत्रातील वाक्ये तीन तीन, चार चार शब्दांची आहेत. इतक्या लहान वाक्यांनी इतके मोठे दुःख मांडण्याचे धैर्य पगारी लेखणीस होत नाही, असे माझे मत आहे आणि ते इतक्या वर्षांत बदललेले नाही.

आता त्या मुक्कामाकडे वळू. तारापूर म्हटले की आजच्या महाराष्ट्रास १९६९ साली सुरू झालेली अणुभट्टी आठवते, बोईसरच्या बाजूची औद्योगिक वसाहत आठवते. सकाळच्या गाडीने बोईसरला उतरणाऱ्या कामगारांच्या लोंढ्यात किल्ला पाहायला निघालेला माणूस विरळाच. खाडीच्या एका अंगास चिंचणी, दुसऱ्या अंगास तारापूर, आणि समुद्राच्या तोंडाशी पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधलेला हा कोट. तो दमणच्या मुलखात मोडे. येथून दक्षिणेस शिरगाव, माहीम, केळवे अशी त्यांच्या ठाण्यांची साखळी थेट वसईपर्यंत गेलेली होती, आणि पूर्वेस डोंगरात अशेरीगड होता. १७३७ साली साष्टीवर चालून गेलेल्या मराठ्यांनी ठाणे घेतले, परंतु वसई हाती येईना. आणि ही उत्तरेकडची साखळी अभंग असेपर्यंत ती येणारही नव्हती. १७३८ च्या पावसाळ्यानंतर चिमाजी आप्पा स्वतः कोकणात उतरला तो ही साखळी तोडण्याच्या निश्चयानेच. जानेवारीत माहीम पडले, त्यामागोमाग तारापूर पडले, अशेरीही पडली.

तारापूरच्या तटाखाली मराठ्यांनी सुरुंग पेरले. ते उडाले तेव्हा बुरुजाला आणि तटाला मोठी खिंडारे पडली, आणि त्या खिंडारांतून मराठे आत शिरले. या हल्ल्याचे वर्णन आप्पाच्या पत्रात आहे, आणि त्या पत्रातली एक गोष्ट ग्रँट डफलाही इतकी लक्षणीय वाटली की त्याने ती आपल्या इतिहासात मुद्दाम घेतली: किल्ल्यातल्या शिबंदीने फिरंग्याला साजेल अशा शौर्याने झुंज दिली, असे आप्पाने लिहिले. या एका शेऱ्यावर क्षणभर थांबले पाहिजे. लिहिणारा विजयी आहे. ज्यांच्याविषयी तो लिहितो आहे त्यांनी त्याच्या जिवाभावाच्या माणसाला नुकतेच ठार केले आहे. ज्या मुलखात तो लढतो आहे तेथील लोकांनी धर्मच्छळाच्या तक्रारी वर्षानुवर्षे पेशव्यांच्या कानी घातलेल्या आहेत. अंजूरच्या नाईक मंडळींची सारी हयात त्या तक्रारींमागे गेलेली आहे. अशा वेळी शत्रूस पळपुटा म्हणणे किती सोपे होते, आणि वाचणाऱ्यास ते किती आवडले असते! आप्पाने ते लिहिले नाही. शत्रूचा पराक्रम त्याने जमाखर्चाच्या वहीत रक्कम मांडावी तसा मांडला, जेथे मांडायचा तेथे आणि जितका होता तितका. पुढे वसई घेतल्यानंतर पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांस लिहितानाही त्याने हीच रीत पाळली. त्या वेढ्यात मराठ्यांची पाच हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली, ही संख्याही मराठ्यांनी स्वतःच कबूल केलेली आहे.

बखरींतला चिमाजी आप्पा निराळा आहे. वसई पडत नाही असे पाहून त्याने सरदारांस म्हटले की माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका, म्हणजे वसईत माझा प्रवेश होईल, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. ती मला आवडते. ती खोटी आहे असा आग्रहही मी धरीत नाही. परंतु रंगभूमीवर शोभणारा तो पुरुष आणि पत्रांत दारूगोळ्याचा हिशेब करणारा, सुरुंग ओलीमुळे बिघडू नयेत म्हणून काळजी वाहणारा, अंगाने मुळात नाजूक आणि श्वासाच्या दुखण्याने बेजार झालेला, तिशी नुकतीच उलटलेला हा पुरुष यांत मला दुसरा अधिक थोर वाटतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे बावीस खंड काढले, ते याच निष्ठेने की अस्सल कागदाचा एक कपटासुद्धा बखरींच्या चळतीहून वजनदार असतो. त्यांनी याच भागातली 'महिकावतीची बखर' १९२४ साली प्रसिद्ध केली आणि तिला मोठी प्रस्तावना जोडली, म्हणजे बखरीची किंमत त्यांस ठाऊक नव्हती असे नव्हे. बखरीतून त्यांनी समाजाचे चरित्र काढले. माणसाचे चरित्र काढायला मात्र त्यांना पत्र लागे.

आणि पत्र देखील एकटे पुरत नाही. ते कोणाला लिहिले आहे हे पाहावे लागते. याच १७३९ च्या प्रारंभी नादिरशहा दिल्लीवर आला, आणि त्या बातमीने खळबळून गेलेल्या बाजीरावाने जी पत्रे लिहिली त्यांत, रघूजी भोसल्याशी असलेला घरचा तंटा आता क्षुल्लक झाला, पोर्तुगीजांचे युद्ध काहीच नव्हे, हिंदुस्थानात आता शत्रू एकच, हिंदू आणि मुसलमान मिळून सारी दक्षिण एक झाली पाहिजे, असा आशय आहे. हे वाक्य त्याच्या दृष्टीचा आवाका दाखवते आणि इतिहासकार त्याची प्रशंसा करतात ते योग्यच आहे. तथापि ज्या दिवसांत थोरला भाऊ पोर्तुगीजांचे युद्ध कःपदार्थ ठरवीत होता त्याच दिवसांत धाकटा भाऊ त्या युद्धात खंदक ओलांडीत होता, तोफा ओढवीत होता, बाजी भिवरावासारखी माणसे गमावीत होता. आप्पाने वसई सोडली नाही, मे महिन्यात ती घेऊनच तो उठला. एकाला सारा हिंदुस्थान एका नजरेत दिसे आणि दुसऱ्याला हाती घेतलेले काम पुरे झाल्यावाचून दुसरे काही दिसत नसे. दोघांच्या स्वभावांतला हा भेद कोणी वर्णन करून सांगितलेला नाही. एकाच महिन्यातली दोन पत्रे शेजारी ठेवली की तो आपोआप वाचता येतो.

बाजीरावाचेच आणखी एक उदाहरण घ्यावे असे आहे. १७३७ च्या वसंतात त्याने दिल्लीपर्यंत जी धाव मारली तिचा वृत्तांत त्याने चिमाजी आप्पास एका दीर्घ पत्रात कळवला, आणि मराठी गद्याच्या कोणत्याही संग्रहात या पत्राला मानाचे स्थान द्यावे लागेल. आपण हिंदुस्थानातच आहो हे बादशहास दाखवावे, ही त्यातली ईर्ष्या. दिल्ली जाळावी असा प्रथम आलेला विचार. आणि मग, ते अमर्याद होईल, राजकारणाचा धागा तुटेल, म्हणून तो विचार टाकून देणे. मनात काय आले आणि ते का सोडले, हे दोन्ही तो भावाला सांगतो, कारण भावापुढे केवळ फलित ठेवावे असे त्याला वाटत नाही. हाच बाजीराव ब्रह्मेंद्रस्वामींस कर्जाविषयी लिहितो तेव्हा सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाचे कातडे निघाले, अशी गाऱ्हाणी गातो. एका पत्रातला पुरुष दिल्ली हातची सोडून देण्याइतका स्वतःचा धनी आहे, दुसऱ्यातला ऋणकोच्या लाचारीने वाकलेला आहे. यांतला खरा कोणता, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. दोन्ही खरे. स्वामी स्वतः सावकारी करीत; त्यांचे पैसे पेशव्यांकडे गुंतलेले असत; त्यांना लिहिताना कपाळ दाखवणे भागच होते. धनकोपुढचा बाजीराव, भावापुढचा बाजीराव अशा अनेक बाजीरावांचा मिळून तो एक बाजीराव झालेला आहे, आणि पत्रांवाचून या सर्वांची भेट आपल्याला कधी झाली नसती.

योगायोग असा की ज्या साली तारापूर आणि वसई मराठ्यांच्या हाती आली त्याच सालच्या नोव्हेंबरात, लंडनमध्ये, सॅम्युअल रिचर्डसन नावाच्या पन्नाशीतल्या छापखानेवाल्याने 'पामेला' ही कादंबरी लिहायला घेतली. दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याच्याकडे मागितले होते एक मेस्तक. गावाकडच्या साध्या माणसांना प्रसंगोपात्त पत्रे लिहिता यावीत म्हणून नमुन्यांचे पुस्तक. ते नमुने लिहिता लिहिता, धन्याच्या वाईट नजरेत सापडलेल्या नोकर मुलीने आईबापांस काय लिहिले असते, या एका विचाराने त्याला धरले. नमुन्याची मुलगी जिवंत झाली, आणि मेस्तक बाजूस ठेवून त्याने दोन महिन्यांत तिची सारी कहाणी तिच्याच पत्रांतून लिहिली. १७४० साली ती प्रसिद्ध झाली. पाश्चात्य कादंबरीच्या उगमाशी पत्रलेखनाचे बाजारू पुस्तक असावे, हे अनेकांस विसंगत वाटते. मला त्यात परम संगती दिसते. नमुना लिहिणारा मनुष्य 'अशा प्रसंगी असे लिहावे' असे सांगत असतो, आणि ज्या क्षणी त्याला कळते की ही मुलगी असे लिहिणार नाही, त्या क्षणी कादंबरी जन्मते.

पुढच्या शतकात जेन ऑस्टिनने या कलेला जी सूक्ष्मता आणली तिचा नमुना १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मधील पाद्री कॉलिन्सच्या पत्रात आहे. कॉलिन्स स्वतः घरात येण्याच्या आधी त्याचे पत्र येते, बाप ते मुलींपुढे मोठ्याने वाचतो, आणि प्रत्येकजण आपापले मत देतो: एकीस त्यात भलाई दिसते, एकीस भाषेची रचना बरी वाटते, आईचा राग निवतो, आणि एलिझाबेथ मात्र विचारते की हा मनुष्य शहाणा असेल का. लाचारी आणि बडेजाव यांचे जे मिश्रण त्या पत्रात आहे ते बापाने ताबडतोब ओळखलेले असते. पत्र एक आहे आणि त्याने उघडी केलेली माणसे सहा आहेत, लिहिणारा धरून. तारापूरच्या पत्राविषयी विचार करताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो, कारण आपण लिहिणाऱ्याचा इतका विचार करतो की जिला लिहिले तिचा विसर पडतो. 'मीच तुमचा मुलगा' असे ज्या बाईस लिहिता येते, ती बाई कोण असेल? तिच्या हातचे जेवण लिहिणाऱ्याने जेवलेले असले पाहिजे. तिच्यापुढे विवेकाच्या गोष्टी चालणार नाहीत आणि खोटा दिलासा तर मुळीच चालणार नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. त्या बाईविषयी इतिहासाने जवळजवळ काही ठेवलेले नाही, आणि तरी त्या पत्राच्या समोरच्या बाजूस ती बसलेली मला स्पष्ट दिसते.

ज्या पत्रांत माणूस मुळीच दिसू नये अशी दक्षता घेतलेली असते त्यांचाही एक नमुना याच मोहिमेत आहे. वसईचे पोर्तुगीज अडचणीत येताच त्यांनी मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जॉन हॉर्न याच्याकडे साह्य मागितले. ख्रिस्ती धर्माचे नाते, यूरोपचे नाते, शेजाराचे नाते, सारी नाती त्यांनी लिहून पाहिली. हॉर्नची उत्तरे सभ्य आहेत, सहानुभूतीने ओथंबलेली आहेत, आणि त्यांतून माणूस, दारूगोळा, जहाज यांतले उपयोगी पडेल इतके काही निघत नाही. देवळांतील चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन थोडी रक्कम कर्जाऊ दिली, एवढेच. वसई पडल्यावर दोन महिन्यांच्या आत, जुलैमध्ये, हॉर्नच्या जागी आलेला गव्हर्नर स्टीफन लॉ याच्या वतीने कॅप्टन इंचबर्डने आप्पाशी तह ठरवला. व्यापारी संस्थेच्या हिताने हे सारे शहाणपणाचेच होते, आणि मी हॉर्नला दोषही देत नाही. परंतु तारापूरच्या पत्रातला एक शब्दही काढून टाकता येत नाही आणि हॉर्नच्या पत्रांतली पानेच्या पाने काढून टाकली तरी अर्थात फरक पडत नाही, हे वाचणाऱ्याच्या ध्यानी येतेच.

मराठी कादंबरीने हा वारसा कितपत घेतला? वामन मल्हार जोशी यांची १९३४ ची 'इंदू काळे व सरला भोळे' ही आपल्याकडील पत्रात्मक कादंबरीचे ठळक उदाहरण. मी तिचा चाहता आहे. नीती, कला, स्त्रीचे जीवन यांविषयी सुशिक्षित मराठी माणसे एकमेकांशी किती गंभीरपणे आणि किती प्रामाणिकपणे बोलू शकतात हे तिच्यात दिसते. तरीही ती वाचताना मला वाटते की त्या पात्रांची मते मला जितकी कळली तितकी ती पात्रे कळली नाहीत, कारण त्यांच्यापैकी कोणाचेही वाक्य सहसा तुटत नाही. ज्या वर्षांत ती कादंबरी लिहिली जात होती त्याच वर्षांत, १९३० ते १९३४ या काळात, गोविंद सखाराम सरदेसाई पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून बाहेर काढीत होते, आणि त्यांत वसईच्या मोहिमेची पत्रेही होती. कादंबरीकारांनी ते भाग उशाशी घेतले असते तर मराठी कादंबरीचे पत्र कसे झाले असते, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

किल्ल्याची पुढची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. पेशवाईच्या उत्तरकाळी तो तारापूरच्या विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे इनामात गेला. याच घराण्याची पेस्तनजी विकाजी नावाची पेढी हैदराबादेस इतकी वाढली की तिने निजामाच्या दिवाणाला कर्जे दिली, वऱ्हाडचे परगणे तारण घेतले, आणि औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेल्या तिच्या रुपयाला लोक पेस्तनशाही म्हणू लागले. पुढे दरबाराने तारण काढून घेतले आणि पेढी बुडाली, तेव्हा न्यायासाठी कंपनी सरकारकडे अर्ज गेले. अर्ज हाही पत्राचाच प्रकार, पण अर्जदाराचा स्वभाव त्यात सापडणे कठीण, कारण त्याला स्वभाव परवडत नाही; त्याला रकमा, तारखा आणि करार मांडायचे असतात. तारापूरच्या मातीशी बांधलेल्या या दोन कागदांत, सांत्वनाच्या आणि अर्जाच्या, शंभर वर्षांचे अंतर आहे.

आज कोटाच्या आत वाडी आहे, तटावर झाडांची मुळे उतरलेली आहेत, आणि ज्या खिंडारांतून मराठे आत गेले ती कोणती हे बोट दाखवून सांगणारे कोणी भेटत नाही. मी एकदा भरतीच्या वेळी खाडीच्या काठाने त्या तटाला वळसा घातला होता. पश्चिमेचा वारा होता, दूरवर अणुभट्टीची इमारत दिसत होती, आणि माझ्या डोक्यात मात्र एवढेच चालले होते की कोठेतरी येथेच, राहुटीत, कोणी तरी कारकून बोरू सरसावून बसला होता आणि बाजी भिवराव पडला हे वाक्य कसे लिहावे असे धन्याच्या तोंडाकडे पाहत होता.

आप्पा वसई घेऊन पुण्यास परतला तो दुखणे घेऊनच. १७४० च्या एप्रिलात नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे बाजीराव गेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आप्पाही गेला. गेलेल्या मुलाच्या जागी आम्हांस माना, असे ज्या घरातून एका आईला लिहिले गेले होते त्या घरची आई, राधाबाई, दोन्ही मुलांमागे शनिवारवाड्यात आणखी बारा वर्षांवर जगली. तिच्या समाधानासाठी काय लिहावे हा प्रश्न आता दुसऱ्यांच्या लेखण्यांपुढे होता.